तळहात की एक बोट

नडगी दुखते म्हणून कुणी खेळाडू समोर बसला की मी आधी रिपोर्ट उघडत नाही. ‘कुठं दुखतं ते दाखव,’ एवढंच म्हणते आणि त्याच्या हाताकडे बघत राहते. काही जण घोट्याच्या वरच्या भागात, हाडाच्या आतल्या कडेवरून सगळा तळहात फिरवतात. काही जण एकच बोट एकाच जागी टेकवतात. तळहात फिरवणाऱ्यांचं बहुतेक वेळा हाड आणि त्यावरचं आवरण ताणानं चिडलेलं असतं. धावणं कमी केलं, पोटरीची ताकद वाढवली की काही आठवड्यांत ते आटोक्यात येतं. एक बोट टेकवणाऱ्याचं धावणं मात्र मी त्याच दिवशी थांबवते आणि त्याला एमआरआयला पाठवते. तिथं हाडाला बारीक चीर जायला सुरुवात झालेली असू शकते, आणि ती साध्या एक्स-रेत पहिले काही आठवडे अनेकदा दिसतच नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे, खेळ बिनधास्त’ या सल्ल्यानं हंगाम गमावलेली मुलं माझ्याकडे येत राहतात.

हाड निर्जीव खांबासारखं उभं असतं, असा समज अजून पक्का आहे. प्रत्यक्षात ते रोज मोडलं आणि बांधलं जातं. धावण्याचा ताण वाढला की एका प्रकारच्या पेशी थकलेलं हाड पोखरून काढतात आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशी तिथं नवं भरतात. पोखरण्याचं काम काही आठवड्यांत उरकतं. भरण्याला आणि भरलेलं टणक व्हायला महिने लागतात. म्हणजे सराव अचानक वाढवल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड आधीपेक्षा थोडं कमजोर झालेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच खेळाडूला वाटत असतं की आता दम आला, आता जोर लावू. वाहतूक चालू ठेवून रस्ता खोदावा तसा हा प्रकार आहे.

चीर कुठं आहे यावर पुढचं सगळं ठरतं. नडगीच्या आतल्या-मागच्या कडेवर पाऊल पडताना दाब येतो. तिथली चीर विश्रांतीनं सहसा दोन-तीन महिन्यांत भरते. पुढच्या कडेवर, जिथं कातडीखाली लगेच हाड लागतं, तिथं दाबाऐवजी ओढ असते आणि रक्तपुरवठाही तोकडा. तिथली चीर उघडीच राहू पाहते. फिल्मवर ती काळ्या आडव्या रेघेसारखी दिसते. ती दिसली की मी ऑर्थोपेडिक सर्जनना फोन करते, कारण अशा पायावर खेळत राहिलं तर एखाद्या साध्या उडीतही हाड आरपार मोडू शकतं. काही वेळा हाडात सळई घालावीच लागते.

मोडलेल्या पायाचं दुःख जगाला कळतं. २७ फेब्रुवारी २०१० रोजी स्टोकच्या मैदानावर आर्सेनलच्या फुटबॉलपटू ॲरन रॅमझीच्या पायाची दोन्ही हाडं मोडली. सप्टेंबर २०१५ मध्ये आइंडहोव्हनला मँचेस्टर युनायटेडच्या ल्यूक शॉचंही तेच झालं. त्यांना स्ट्रेचर मिळालं, सर्जन मिळाले, कित्येक महिन्यांची रजा मिळाली. रॅमझीनं २०१४ आणि २०१७ या दोन्ही एफए कप अंतिम सामन्यांत विजयी गोल केला. शॉनं २०२१ च्या युरो अंतिम सामन्यात दुसऱ्याच मिनिटाला गोल केला. दुखणाऱ्या नडगीला यातलं काही मिळत नाही. बाहेरून पाय धड दिसतो, वॉर्मअपनंतर दुखणं बऱ्याचदा गायब होतं, आणि खेळाडूवर आळशीपणाचा शिक्का बसतो. खरं तर गरम झाल्यावर दुखणं जाणं ही पहिली पायरी असते. पुढं ते सामनाभर राहतं, मग रात्री अंथरुणातही ठणकतं. रात्रीच्या ठणक्याकडे मी कधीच दुर्लक्ष करत नाही.

मोठ्या क्लबांनाही हे चुकत नाही. जॅक ग्रीलिश ॲस्टन व्हिलाचा कर्णधार असताना फेब्रुवारी २०२१ पासून जवळपास तीन महिने नडगीच्या दुखापतीनं बाहेर होता. त्याच उन्हाळ्यात मँचेस्टर सिटीनं त्याच्यासाठी दहा कोटी पौंड मोजले. ग्रीलिश मोजे खाली सोडून, अगदी छोटे शिन गार्ड घालून खेळतो, आणि आता आपल्याकडची पोरंही तशीच खेळू लागली आहेत. नॉटिंगहॅमच्या सॅम विडोसननं १८७४ मध्ये क्रिकेटचे पॅड कापून पहिले शिन गार्ड केले. नियमानं ते सक्तीचे झाले १९९० मध्ये. २०२४ पासून त्यांचा आकार योग्य आहे ना, हे पाहण्याची जबाबदारी खेळाडूवरच टाकली आहे. मला हे पटत नाही. सोळा वर्षांचा मुलगा आपल्या लाडक्या खेळाडूचं बघून गार्ड निवडणार. तिथं प्रशिक्षकानं ‘मोठा घाल, नाहीतर बाहेर बस’ असं म्हणायलाच हवं. गार्ड लाथेचा मार पसरवतो, जखम वाचवतो. ताणानं पडणारी चीर मात्र तो थांबवत नाही.

कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या संघांची नावं इथं घराण्यांसारखी घेतली जातात. याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. माझ्याकडे गर्दी होते ती पावसाळा सरल्यावर. चार महिने चिखलामुळं धावणं तुटक असतं, मग मैदान वाळून दगडासारखं होतं आणि हंगामाच्या तयारीला सकाळ-संध्याकाळ सराव सुरू होतो. ओल्या गवतासाठीचे लांब स्टडचे बूट त्याच कडक मातीवर वापरले जातात. वर पेठेची इज्जत. ‘मॅडम, शाहू स्टेडियमवर रविवारी मॅच हाय, तेवढी खेळू द्या’ हे ऐकून मला त्या मुलाचा राग येत नाही. त्याला बसवायला सांगायची हिंमत मोठ्यांपैकी कुणीच करत नाही, त्याचा येतो.

एका गोष्टीत मात्र मी तासभरही थांबू देत नाही. नडगीवर जोराची लाथ बसली, पाय फुगून टणक झाला, पायाचं बोट हलकेच वर-खाली केलं तरी जीव जातो, मुंग्या येतात, तर आतल्या स्नायूंच्या बंदिस्त कप्प्यात दाब वाढतो आहे असं समजावं. रक्तपुरवठा तुटला की सहाएक तासांत स्नायू मरू लागतात. अशा पायाला तेल चोळणं, शेकणं, आंबेहळदीचा लेप लावून वर घट्ट पट्टी आवळणं हे पाय घालवण्याचे मार्ग आहेत. पट्टी, मोजा, गार्ड सगळं काढायचं आणि थेट मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. माझ्या आजीच्या लेपावर माझी श्रद्धा आहे, पण या पायावर नाही.

बऱ्याच नडग्यांना सर्जन लागत नाही, चिकाटी लागते. पोटरीत खोल असलेला सोलिअस हा स्नायू धावताना शरीराच्या वजनाच्या सहा-सात पट जोर पेलतो. तो थकला की भार हाडावर जातो. म्हणून गुडघा वाकवून, मांडीवर वजन ठेवून टाचा उचलणं हा माझा आवडता व्यायाम. मुलं कंटाळतात, मी सोडत नाही. हाडातल्या पेशी थोड्याच उड्यांनंतर प्रतिसाद देईनाशा होतात, आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा जाग्या होतात. त्यामुळं सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं हे सलग दोन तासांपेक्षा फायद्याचं. आधी वेदनेशिवाय चालणं, मग एका पायावर उड्या, मग एक दिवसाआड धावणं. तारीख बघून कुणाला मैदानात सोडत नाही.

मुलींना मी आणखी एक गोष्ट विचारते. पाळी नियमित येते का? वजन वाढेल या धास्तीनं किंवा घरी पोटभर मिळत नाही म्हणून खाणं कमी आणि धावणं जास्त झालं की शरीर आधी पाळी थांबवतं, हाडाची बांधणीही मागं पडते. सलग तीन महिने पाळी आली नाही आणि नडगी एका बोटावर दुखते आहे, अशी मुलगी माझ्या लेखी तातडीची केस. ती हे पुरुष प्रशिक्षकाला सांगत नाही, आणि अनेक घरांत आईलाही सांगत नाही. मुलांचंही उपाशीपोटी सराव करण्याचं वेड तितकंच वाईट, फक्त त्यांच्यात इशारा देणारी अशी ठळक खूण नसते. महिला संघाबरोबर एक जाणती बाई असावी आणि सरावानंतर प्रत्येकीला दूध-अंडी, केळी-शेंगदाणे मिळावेत, ही मागणी मी भेटेल त्या मंडळाकडे करते. दोन मंडळांनी यंदा खाण्याची सोय केली आहे. जाणत्या बाईचा प्रश्न मी पुढच्या बैठकीत पुन्हा मांडणार आहे.