अम्मीचं नाव, जसंच्या तसं

शाळेची माहिती भरायची होती आणि एका वेबसाइटचा पासवर्ड काही केल्या आठवेना. 'पासवर्ड विसरलात?' वर बोट ठेवलं. मिनिटभरात मोबाइलवर मेसेज आला. त्यात माझा पासवर्ड, अक्षर न अक्षर. अम्मीचं नाव आणि तिच्या इंतकालाचं साल. शेजारच्या मॅडमनी तो वाचलासुद्धा. मला वाटलं, काय सोय आहे!

रात्री कळंबला घरी आल्यावर भाच्याला फोनवर सांगितलं. तो पुण्यात कॉम्प्युटरचं काम करतो. "खाला, जुना पासवर्ड परत सांगितला म्हणजे तो त्यांनी तसाच लिहून ठेवलाय. त्यांना तो माहीतच नको."

मला पटेना. माहीत नसेल तर बरोबर की चूक ते तपासणार कसं?

त्याने गिरणीचं उदाहरण दिलं. गहू दळला की पीठ होतं, पिठाचा पुन्हा गहू होत नाही. साइटने फक्त पीठ ठेवायचं. आपण पासवर्ड टाकला की तोही दळायचा आणि दोन्ही पीठं जुळतात का पाहायचं. याला हॅश म्हणतात. पण दोघांचा पासवर्ड एकच असेल तर पीठही एकच, एक सापडला की दुसराही सापडला. म्हणून दळण्याआधी प्रत्येकाच्या गव्हात वेगळी चिमूट टाकतात. तिचं नावच सॉल्ट, म्हणजे मीठ. मॉरिस आणि थॉम्प्सन यांनी युनिक्ससाठी ही युक्ती १९७९ सालीच लिहून ठेवली होती. (आम्हा उर्दूवाल्यांना नमक आणि इमान यांचं नातं वेगळं सांगायला नको.) शिवाय गिरणी मुद्दाम संथ ठेवतात, म्हणजे चोराला लाखो अंदाज झटपट दळून बघता येत नाहीत. १९९९ चं बीक्रिप्ट असंच संथ.

हे न केल्याने २००९ मध्ये रॉकयूचे ३ कोटींहून जास्त पासवर्ड उघडेच चोरांच्या हाती लागले. २०१२ मध्ये लिंक्डइनचे पासवर्ड फुटले, तिथे पीठ होतं पण मीठ नव्हतं.

"हाच पासवर्ड अजून कुठे आहे?" भाच्याने विचारलं. मी गप्प. बँकेत तोच, ईमेललाही तोच. रोज अम्मीचं नाव टाइप करायचे, तेवढीच तिची आठवण. ते बदलताना हात जड झाला. मग आठवलं, शाळेच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर सगळे पासवर्ड माझ्याच अक्षरात आहेत, आणि त्या साइट्सवर मुलांचे आधार क्रमांक.

दुसऱ्या दिवशी ते पान फाडलं. त्या वेबसाइटवाल्यांनाही फोन केला. पलीकडचा मुलगा अदबीने म्हणाला, "मॅडम, काळजी नको, तुमचा पासवर्ड आमच्याकडे सेफ आहे. वाचून दाखवू का?"