भीमाकाठचा षड्ज

पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेकाठच्या रानात तंबोऱ्याच्या भोपळ्याचा वेल जमिनीवरच पसरतो. त्याची फुलं पांढरी, पातळ पाकळ्यांची. दिवस कलला की ती उमलतात आणि अंधारात पतंग त्यांच्यावर येतात. यमन गायची वेळ होते तेव्हाच हे फूल जागं होतं, हे मला नुसता योगायोग म्हणून सोडून देववत नाही.

फळ धरलं की शेतकऱ्याचं खरं काम सुरू होतं. फळाखाली गवत सारायचं, बूड नीट टेकवायचं, एका अंगावर कलंडू द्यायचं नाही. गोल घेर कुठे चेपला तर तो कायमचा चेपला. हा भोपळा कडू, भाजीला निरुपयोगी. खाण्यासाठी कुणी त्याला हात लावत नाही, म्हणूनच तो पूर्ण पिकेपर्यंत वेलावर राहतो. पुढे पानं करपतात, वेल सुकून दोरीसारखा होतो आणि सोलापूरकडचं कोरडं ऊन फळातलं पाणी हळूहळू काढून घेतं. ज्या उन्हाला आपण कंटाळतो, त्याच उन्हात हे फळ लाकडासारखं टणक होतं. ऐन वाळण्याच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला, तर भोपळा काळवंडतो, कुजतो, आणि एखाद्या गायकाच्या मागे उभा राहिला असता असा तंबोरा रानातच संपतो.

वाळलेले भोपळे मिरजेला जातात. सतारमेकर गल्लीतल्या घरांतून ते छताला टांगलेले असतात, कोपऱ्यांत रचलेले असतात. इथल्या कलेचं मूळ शिकलगारांत आहे. तलवारी-भाल्यांना धार लावणारी ही माणसं. संस्थानी काळात शस्त्रांचं काम ओसरू लागलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंबोरे दुरुस्त करता करता ते घडवायला घेतले. पात्याची धार बोटाच्या टोकाने ओळखणारे हात तारेपाशी आले. एका घराण्याच्या हातांचं याहून मोठं पुण्य मला सुचत नाही.

भोपळा कापून भिजवतात, आतला गर आणि बिया खरवडून काढतात आणि पुन्हा वाळू देतात. तुणाच्या लाकडाची दांडी आणि तबली त्याला सरसाने जोडतात. प्रत्येक भोपळ्याचा घेर निराळा, सालीची जाडी निराळी. दांडी कापून लहान-मोठी करता येते, भोपळा मात्र वेलाने दिला तसाच घ्यावा लागतो. कारागीर बोटांनी त्याच्यावर टिचकी मारतो, कान देतो आणि मग याचा पुरुषी आवाजाचा तंबोरा होईल की बायकी, ते ठरवतो.

एवढं सगळं झालं तरी वाद्य अजून मुकंच असतं. तार वाजते, पण बोलत नाही. ती बोलते जवारीने.

तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी पुसट उतार असतो. तार एका बिंदूवर टेकत नाही, त्या उतारावर घासत, लागत-सुटत थरथरते. कारागीर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा कानस. मोजपट्टी इथे चालत नाही. कानसेचा एक हात जास्त पडला की आवाज बसतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, केसभर पुढे, केसभर मागे. आणि एका जागी तो धागा आला की सगळी तार एकदम उजळते. हीच जवारी.

भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर व्यंकट रामन यांना या उजळण्याने खुणावलं होतं. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचे निस्पंद बिंदू येतात ते उपस्वर उमटू नयेत, असा तारवाद्यांचा जुना नियम. तंबोऱ्यात ते स्पष्ट उमटतात, आणि त्याचं कारण ही उतरती घोडी व तो धागा आहे, असं त्यांनी १९२१ च्या निबंधात मांडलं. नीट जुळलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून जो गंधार येतो, तो कुणीही छेडलेला नसतो. गवई त्याला स्वयंभू म्हणतात. डोळे मिटून तो पहिल्यांदा ऐकू येतो तेव्हा हात आपोआप जोडले जातात.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब या गंधाराचे भक्त. ते मिरजेत राहिले, आणि १९३७ साली देह ठेवल्यावर मिरजेतल्याच ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तंबोरे जुळतात, आणि भीमाकाठच्या भोपळ्यांतून षड्ज भरून येतो.

हाच भोपळा दुसऱ्या वाटेने पुन्हा पंढरीला जातो. वारकऱ्यांच्या गळ्यातल्या पुष्कळ वीणांना तो असतो. सप्ताह चालू असताना वीणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, रात्रभर, दिवसभर. चंद्रभागेच्या परिसरातलं फळ असं उभ्यानेच नाम ऐकत राहतं.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कारागिरांच्या पिढ्यांना हा मान मिळायलाच हवा होता. पण मला वाटतं, या मानात भीमाकाठचा तो शेतकरीही धरला पाहिजे. ज्या फळाला भाजीबाजारात गिऱ्हाईक नाही, ते तो आपल्या रानात जागा देऊन वाढवतो, पावसाचं भय पोटात घेऊन वाळू देतो. शेजारच्या रानात ऊस उभा असताना त्याने वेल लावायचा, तर भोपळ्याला भावही तसाच मिळायला हवा. मैफलीच्या निमंत्रणपत्रिकेवर गायक, तबलजी, तंबोऱ्याची साथ करणारे अशी नावं छापतात. तंबोरा घडवणाऱ्याचं आणि भोपळा पिकवणाऱ्याचं नाव छापायलाही तिथे दोन ओळी सहज मावतील.