तीनशे साठची चौकट

2018 च्या मार्चमध्ये तासगाव तालुक्यातल्या एका शेतकरी कंपनीची वेबसाइट मी केली. बेदाणा हा त्या भागाचा जीव. सभासदांचा माल शीतगृहात जातो, सौद्यात निघतो, आणि आपल्या मालाला काय दर लागला हे विचारायला अडत्याला फोन करावा लागतो. तो फोन वाचावा, एवढ्यासाठी मला बोलावलं होतं.

सांगलीत माझ्या टेबलावर चोवीस इंची मॉनिटर होता. त्यावरच पान मांडलं. वर द्राक्षबागांची तीन मोठी छायाचित्रं, एकामागून एक सरकणारी. खाली दरांचा सात रकान्यांचा तक्ता. दरावर माउस नेला की त्या दिवसाचा किमान आणि कमाल भाव उमटायचा. मोबाइलचं काम शेवटच्या दोन दिवसांत उरकलं, म्हणजे मोठ्या पानाचीच काटछाट केली. संचालकांनी ते प्रोजेक्टरवर पाहिलं आणि मंजूर केलं.

आठवड्याभराने आबा नावाच्या एका सभासदाच्या शेडवर गेले. डिपिंग ऑइलच्या द्रावणातून काढलेली द्राक्षं रॅकच्या जाळीवर पसरण्याचं काम चाललं होतं. आबांचे हात चिकट. त्यांनी धोतराला हात पुसला, खिशातून काचेला तडा गेलेला फोन काढला आणि उन्हाला पाठ करून साइट उघडली. बराच वेळ नुसती छायाचित्रं उतरत राहिली.

“सगळी द्राक्षंच दिसत्यात की ताई. द्राक्षं माज्याकडं बी हायत. दर कुठं हाय?”

दर पाचव्या रकान्यात होता आणि पडद्यावर दोनच रकाने मावत होते. आबांनी अंगठ्याने तक्ता सरकवायचा प्रयत्न केला, तर सगळं पानच वर गेलं. किमान-कमाल भाव तर त्यांना कधीच दिसणार नव्हता, कारण फोनला माउस नसतो. त्यांनी साइट बंद केली आणि माझ्यासमोरच अडत्याला फोन लावला.

ल्यूक रोब्लेव्स्कींचं 2011 मधलं ‘मोबाइल फर्स्ट’ हे पुस्तक मी वाचलेलं होतं. पडद्याप्रमाणे आकार बदलणाऱ्या पानांची कल्पना ईथन मार्कोट यांनी 2010 मध्येच मांडली होती, तीही मला पाठ होती. तरी मी मोठ्या पडद्यापासून सुरुवात केली, कारण मी मोठ्या पडद्यासमोर बसले होते आणि मंजुरी देणारेही. आबा त्या खोलीत नव्हते.

परत आल्यावर फोनच्या आकाराचा पुठ्ठा कापला आणि त्यावर पेन्सिलीने काम सुरू केलं. बहुतेक साध्या अँड्रॉइड फोनवर रुंदीला 360 पिक्सेल धरायचे. त्या चौकटीत काय राहील हे ठरवताना काय जाईल हेही ठरतं. लॉट नंबर, आजचा दर, पैसे जमा झाले की नाही: या तीन गोष्टी राहिल्या. छायाचित्रं गेली. त्यावरून संचालकांशी तासभर वाद झाला, तो मी आनंदाने घातला. कोडही उलटं लिहिलं. आधी मोठ्या पडद्याचे नियम लिहून लहानासाठी ते खोडत बसले होते, आता लहानापासून सुरू करून जागा मिळेल तशी भर घातली.

आपल्या लिपीनेही बरंच शिकवलं. इंग्रजी साच्यातल्या ओळी इतक्या जवळ असतात की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला टेकतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंकसंस्थेचा ‘मुक्त’ हा टंक घेतला आणि ओळींमधलं अंतर वाढवलं. जोडाक्षरांमुळे देवनागरी टंकाची फाइल जड होते, म्हणून साधा आणि ठळक एवढे दोनच प्रकार ठेवले. ‘आजच्या सौद्यातील दर’ हे बटणात मावेना, तेव्हा ‘आजचा दर’ केलं. तसंही लोक तेवढंच म्हणतात.

आणि मग मी दुसरी चूक केली. गूगल त्याच मार्चपासून शोधासाठी साइटची मोबाइलवरची आवृत्ती प्रमाण धरू लागलं होतं. त्या उत्साहात कंपनीच्या कार्यालयातलं नोंदींचं पानही मी त्याच घडणीत बसवलं. बारा रकान्यांच्या तक्त्याची सुटी सुटी कार्डं झाली, ऐसपैस आणि मोठ्या बटणांची.

चार दिवसांनी तिथे नोंदी करणाऱ्या दिवाणजींचा फोन आला. “ताई, एकदा येऊन बसा माझ्याशेजारी.”

बसले. दिवाणजी पडद्याकडे फारसं बघतच नाहीत. डाव्या हाताखाली सौद्याच्या चिठ्ठ्या, उजवा हात कीबोर्डच्या आकड्यांवर. वजन, टॅब, दर, टॅब, एंटर. जुन्या पानावर वीस ओळी एका नजरेत दिसायच्या, आणि एखादा दर शेजारच्या ओळींच्या मानाने फार वर-खाली गेला की त्यांचा हात आपोआप थांबायचा. माझ्या कार्डांत एका वेळी दोनच लॉट दिसत. आदल्या दिवशी एका दरात शून्य जास्त पडलं होतं आणि ते त्यांना रात्री ताळा जुळेना तेव्हा सापडलं. त्या पानाला पासवर्ड होता. गूगल तिथवर येणारच नव्हतं. तिथे ये-जा करणारा माणूस एकच होता आणि त्याला मी काहीच विचारलं नव्हतं.

ते पान मी पुन्हा डेस्कटॉपपासून सुरू केलं. अरुंद ओळी, बारा रकाने, माउसला हात न लावता सगळं काम. मोबाइलवर त्याची फक्त बेरीज दिसते, सौद्याच्या आवारात उभं राहून बघायला तेवढी पुरते.

पुढच्या हंगामात आबांच्या शेडवर पुन्हा गेले. मी काही विचारण्याआधीच त्यांनी फोन काढला, चिकट बोट लागू नये म्हणून करंगळीने पान उघडलं, आकडा वाचला, शेजारच्या रॅकवरच्या मुलाला ओरडून सांगितला आणि फोन खिशात टाकला.