घोट्याखालची तयारी

बर्फावर बसून मासे गरवणाऱ्याला खरी थंडी पायांखालून गाठते. वाऱ्याकडे पाठ करता येते, तंबूची कनात आडवी लावता येते, टोपी कानांवर ओढता येते. पण ज्या बर्फावर बसायचं त्याच्यापासून बाजूला कुठे होणार? बर्फातून उष्णता स्थिर हवेच्या मानाने सुमारे नव्वदपट सहज वाहते. तळव्याची ऊब बुटाच्या तळातून खाली उतरत राहते, आणि खाली अख्खं सरोवर पडलेलं असतं.

मी कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, बॅरीला राहते. गावाला लागूनच सिम्को सरोवर आहे, ७२२ चौरस किलोमीटरचं. त्याच्या दक्षिण टोकाचा कुक्स बे उथळ, म्हणून तो लवकर गोठतो. पुढे जानेवारीत बहुधा उरलेलं सरोवरही गोठतं आणि बर्फावर खोपटी नि तंबू उभे राहतात. माझं लहानपण रत्नागिरीजवळ खाडीकाठी गेलं. काका पहाटे भरती-ओहोटी बघून गरी-सूत घेऊन निघायचे आणि मी त्यांच्या मागून, चिखलात अनवाणी. गळाशी आलेला मासा सुताच्या थरथरीवरून ओळखायला मी तिथे शिकले. पाय सांभाळायचं शिक्षण त्या कोमट चिखलात होण्यासारखं नव्हतं. ते इथे, शेजारच्या एका आजोबांनी दिलं. मला पहिल्यांदा बर्फावर न्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी दोऱ्या-गळाबद्दल चकार शब्द काढला नाही. आदल्या संध्याकाळी घरी आले, माझ्या बुटांत हात घालून आतलं फेल्टचं अस्तर चाचपलं आणि मोजे कुठले घालणार तेवढं विचारून गेले.

त्यांनी तिथूनच का सुरुवात केली ते बर्फावर बसल्यावर कळलं. हिवाळ्यातला मासा सुस्त असतो. पाणी ४ अंशांना सर्वांत जड होतं, म्हणून बर्फाखाली तळाशी साधारण तेवढंच तापमान असतं, आणि माशाचं अंगही तितकंच गार. तो आमिषावर झडप घालत नाही, हलकेच तोंडात घेतो. पर्च तर कधीकधी आमिष घेऊन वर सरकतो, तेव्हा दोरा ताणला जायच्या ऐवजी सैल पडतो आणि काडीच्या टोकाची बारीक स्प्रिंग वाकायच्या ऐवजी केसभर वर उचलली जाते. तेवढं एक लक्षण दिसतं. ते बघायला मन पूर्ण जागेवर लागतं. पायाची बोटं ठणकायला लागली की पहिलं जातं ते हे लक्ष. माणूस तासभर आणखी बसतो, पण गरवत नसतो, नुसता सोसत असतो. म्हणून मी म्हणते की बर्फावरच्या मासेमारीतलं अर्धं कौशल्य घोट्याखाली आहे.

पाय गार का पडतात, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं. पावलात मोठे स्नायू जवळजवळ नाहीतच, त्यामुळे तिथे उष्णता तयार होते ती थोडी. बाकी सगळी वरून, रक्ताबरोबर येते. धडाला गारवा जाणवला की शरीर आधी हृदय-फुफ्फुसांची राखण करतं आणि हातापायांकडचा रक्तपुरवठा आखडतं. म्हणजे पाय गार पडले तर दोष मोज्यांचाच असेल असं नाही, उघड्या मानेचा किंवा रिकाम्या पोटाचाही असू शकतो. ब्रिटिश वैद्यकशास्त्रज्ञ थॉमस लुईस यांनी १९३० साली दाखवलं की बर्फाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटांतल्या रक्तवाहिन्या आधी आकसतात, मग काही मिनिटांनी थोड्या उघडतात, पुन्हा आकसतात. थंड पाण्यात आयुष्य काढणाऱ्यांत हे उघडणं अधिक चांगलं होत असावं. क्विबेकच्या गॅस्पे किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचे हात गार पाण्यात इतरांच्या हातांपेक्षा उबदार राहतात, असं १९६० साली संशोधकांनी मोजून लिहून ठेवलं आहे. माझ्या पायांना असा सराव झाल्याचं मला तरी जाणवलेलं नाही. मला तयारीच करावी लागते.

तयारीत पहिला मान कोरडेपणाचा. जाडी त्याच्यानंतर. तळपायाला घामाच्या ग्रंथी फार दाट असतात आणि बुटात कोंडलेला पाय थंडीतही घामेजतो. पाण्यातून उष्णता स्थिर हवेच्या पंचवीसपट सहज निसटते, त्यामुळे सकाळी सहाला भिजलेला मोजा नऊ वाजता माणसाला घरी पाठवतो. सुती मोजा तर पाणी धरून ठेवतो आणि अंगाला चिकटतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीसेक टक्क्यांपर्यंत ओल शोषूनही ओली लागत नाही. हे सह्याद्रीच्या पावसात घोंगडीवर दिवस काढणाऱ्या धनगरांना कोणी शिकवावं लागलं नाही. घोंगडं भिजलं तरी आत ऊब राहते, हे ज्याने पांघरलंय त्याला ठाऊक आहे. मी आत पातळ मेरिनो लोकरीचा मोजा घालते, वर एक जाड लोकरी. दोनाचे तीन करत नाही.

तिसऱ्या मोज्याने घात होतो. गेल्या हिवाळ्यात माझा भाचा आला होता, टोरांटोत शिकतो. नवे बूट, आत मोज्यांचे तीन थर, आणि नाडी आवळून बांधलेली.

"मावशी, यावर उणे चाळीस लिहिलंय. मला काही होणार नाही बघ."

"अरे, तो आकडा चालत्या माणसाचा. आपण बसणार आहोत. आणि बोटं हलव बरं आत."

हलेनात. मी त्याला तिथेच, गाडीत, एक जोड उतरवायला लावला. ऊब लोकरीत नसते, लोकरीच्या धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेत असते. बूट घट्ट झाला की ती हवा पिळून निघते. कापूस दडपून बसलेली गादी जशी गार लागते, तसं होतं. शिवाय आवळलेल्या पावलात रक्त कमी येतं, आणि उष्णता तर रक्तच आणणार असतं. बुटावर छापलेल्या उणे आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही. त्यात मी निदान वीस अंश सोडून देते आणि मग विचार करते.

बुटांचा इतिहासही ओल्या पायांपासूनच सुरू होतो. अमेरिकेत मेन राज्यातला लिऑन लिऑनवुड बीन शिकारीवरून पाय भिजून यायचा, म्हणून त्याने रबराच्या तळाला चामड्याचा वरचा भाग शिवून घेतला आणि १९१२ मध्ये असे बूट विकायला काढले. पहिल्या शंभर जोडांतले नव्वद शिवण उसवून परत आले, त्याने सगळ्यांचे पैसे फेडले आणि शिवण सुधारली. खाली रबर, वर चामडं आणि आत काढता येणारं फेल्टचं अस्तर, हा घाट पुढे उत्तरेत सगळीकडे रुळला. ओंटारिओतल्याच किचनर गावात कॉफमन कंपनीने १९६२ पासून 'सोरेल' नावाने असे बूट केले, आणि त्या पिढीतली इथली माणसं त्यांची आठवण अजून काढतात. ते अस्तर काढता येणं, ही मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. न निघणाऱ्या अस्तराचा बूट दुकानात कितीही मऊ लागू दे, दुसऱ्या दिवशी तो आतून दमटच असतो.

आणि तरीही या सगळ्यांच्या कितीतरी आधी इनुइट स्त्रिया जे शिवत होत्या त्याला तोड नाही. कामिक म्हणजे सीलच्या कातड्याचा बूट, आत कॅरिबूच्या कातड्याचा मोजा, केसाळ बाजू पायाकडे. शिवताना सुई कातड्याच्या अर्ध्या जाडीतूनच फिरवायची, आरपार भोक पाडायचं नाही. धागा प्राण्याच्या स्नायुबंधाचा. तो ओला झाला की फुगतो आणि शिवण स्वतःच बुजवतो. बूट सैल आणि हलका, तळ लवचीक, त्यामुळे चालताना पाऊल पूर्ण हलतं. नॉर्वे-फिनलंडच्या उत्तरेचे सामी लोक मोज्यांऐवजी बुटात वाळवलेलं गवत भरायचे. ते ओल टिपतं, रात्री काढून वाळवायचं, सकाळी पुन्हा भरायचं. रोआल्ड आमुंडसेन १९११ साली दक्षिण ध्रुवावर गेला, तेव्हा त्यानेही हे गवत बरोबर नेलं होतं. सैल बूट, हवा धरणारा थर, आणि तो थर रोज वाळवणं: आजच्या महागड्या बुटातही याच्यापलीकडचं काही मला सापडलेलं नाही.

आता प्रत्यक्ष सकाळ. सगळ्यात जास्त घाम येतो तो किनाऱ्यापासून जागेपर्यंत जाताना, गिरमिट, तंबू, डबा असं सगळं लादलेली घसरगाडी ओढताना. म्हणून मी घरातून मासेमारीचे मोजे घालून निघतच नाही. चालायचे मोजे वेगळे. वरचा जाड कोटही चालताना गाडीवर टाकलेला. जागेवर पोहोचले, भोकं पाडून झाली, दम खाली बसला की तंबूत बसून मोजे बदलते. पाय पुसून, कोरडे करून, कोरड्या पिशवीतला जोड घालते. उणे अठरात पाय उघडे करायला नवख्यांना भीती वाटते. मिनिटभराचं काम आहे, आणि त्या मिनिटावर पुढचे पाच तास उभे असतात.

भोकातला बर्फाचा चुरा झाऱ्याने काढताना तो पायांपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला टाकायचा. तो पाण्याने थबथबलेला असतो. ताज्या जाड हिमाच्या वजनाने बर्फाची लादी दबते आणि भोकांतून, भेगांतून पाणी वर येऊन हिमाखाली साठतं. वरून पांढरं शुभ्र दिसतं, पाऊल टाकलं की घोटाभर रबडी. अशा दिवशी रबराचा तळ उंच असलेलाच बूट हवा. जिथे बसायचं तिथलं कोरडं हिम मात्र मी खरवडून काढत नाही, चोपून घट्ट करते. त्यात हवा असते, ते उघड्या बर्फापेक्षा कितीतरी बरं. त्यावर घराच्या भिंतीत घालतात त्या कडक फोमचा तुकडा, दोन्ही पावलं मावतील एवढा. पैशाच्या मानाने इतका उपयोगी दुसरा जिन्नस मला माहीत नाही.

कुठला मासा धरायचा, त्यावरही पायांचं गणित बदलतं. पर्चचे थवे फिरतात, त्यांच्यामागे आपणही एका भोकावरून दुसऱ्यावर जातो आणि पोटऱ्यांचे स्नायू रक्त हलवत ठेवतात. त्या दिवशी हलका बूट चालतो. बॅरीच्या पुढ्यातल्या केम्पेनफेल्ट बेच्या खोल पाण्यात व्हाइटफिशसाठी बसायचं तर एका जागी तासन्‌तास. तेव्हा सगळ्यात जड बूट, आणि आतला पातळ मोजा नि जाड मोजा यांच्यामध्ये ब्रेडची रिकामी पिशवी. घाम पिशवीच्या आत राहतो, आतला मोजा दमट होतो, पण बाहेरची लोकर आणि फेल्ट कोरडी राहतात. इथल्या जुन्या लोकांची ही युक्ती आहे. मी फक्त लांब बैठकीला ती वापरते, आणि दुपारी आतला मोजा बदलते.

खाण्याची हयगय करू नये. तिळगुळाचा सण नेमका सरोवर गोठण्याच्या सुमारास येतो. तिळाची वडी, शेंगदाण्याची चिक्की खिशात असते, आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा. तीळ-दाण्यातली चरबी हळूहळू पचते आणि बराच वेळ पुरते. लोखंडाच्या भुकटीच्या गरम पुड्या मिळतात, त्यांना तापायला हवेतला प्राणवायू लागतो, आणि बंद बुटात तो बेताचा असतो. कोटाच्या खिशात त्या जास्त कामाच्या.

एक गोष्ट मात्र मी बरोबर येणाऱ्या प्रत्येकाला किनाऱ्यावरच सांगते. बोटं ठणकतायत तोवर ठीक आहे. ठणका थांबला आणि पाय गरम झालेले नाहीत, तर लगेच उठायचं. कातडीचं तापमान दहा अंशांच्या खाली गेलं की संवेदना बोथट होत जाते. दुखणं थांबणं हे तिथे बरं लक्षण नाही. बोट पांढरं, मेणचट, कडक लागलं तर चोळायचं नाही, शेकोटीजवळ धरायचं नाही. घर गाठून ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. वाटेत पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर मध्येच वितळवायचंही नाही, त्याने इजा वाढते. मासे लागत असताना उठणं जिवावर येतं. तरी उठायचं.

घरी आल्यावर मासे साफ करायच्या आधी बूट उघडते. अस्तर बाहेर, आतला तळवा बाहेर, दोन्ही उष्ण हवेच्या झरोक्यापासून हातभर अंतरावर उभे. फार जवळ ठेवलं तर फेल्ट आकसतं. मग पर्चचे तुकडे तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकते, ते वेगळं सुख.

या सगळ्याला पैसे लागतात, आणि इथे शिकायला आलेल्या मुलांकडे ते मोजके असतात. भाच्याने विचारलं तेव्हा त्याला क्रम सांगितला. आधी लोकरी मोज्यांचे दोन जोड, मग फोमचा तुकडा, मग बूट. बॅटरीवर तापणारे मोजे सर्वांत शेवटी, किंवा नाहीच. बूट घ्यायला संध्याकाळी जायचं, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगलेलं असतं. जाड मोजा खिशात न्यायचा आणि तो घालूनच माप बघायचं. नेहमीपेक्षा एक नंबर मोठा घ्यायचा. दुकानदार पुढे बोट दाबून बघेल, त्यावर जायचं नाही. बसून, नाडी बांधून, आत पाचही बोटं पसरून बघायची. ती पसरली तर पैसे द्यायचे.