माझा एकटा योद्धा

दोस्तांनो, तुमच्यापैकी कॉम्प्युटरवर खेळायला कोणाकोणाला आवडतं? करा पाहू हात वर! बापरे, सगळ्यांचेच हात वर! आता आई-बाबांनी हात वर करायचे. लाजायचं नाही. मी स्वतः चाळिशी ओलांडलेला, डोक्यावरचे केस विरळ झालेला एक मामा आहे, आणि माझा हात वर आहे. तेव्हा आज एका खेळाची गोष्ट सांगतो.

खेळाचं नाव वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. तो पहिल्यांदा आला २००४ साली. पुढे त्यात इतके बदल झाले, की जुन्या खेळाडूंना जुन्या रूपाची आठवण यायला लागली. म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये ते जुनं रूप 'क्लासिक' या नावानं परत आणलं. जगभरातले हजारो लोक एकाच वेळी त्या काल्पनिक जगात फिरत असतात. तुम्ही तुमचं एक पात्र निवडायचं, कामं करायची, राक्षसांशी लढायचं, गुण मिळवायचे आणि एकेक लेव्हल वर चढायचं. पहिलीपासून थेट साठावीपर्यंत!

त्या वर्षी दिवाळीत माझी ताई भाच्याला घेऊन नाशिकहून माझ्याकडे पुण्याला आली. भाचा दहावीत होता. ताईनं बजावलं, "चार दिवस काय खेळायचं ते खेळा. नंतर मार्चपर्यंत कॉम्प्युटर बंद!" मग काय, दोघं बसलो. भाच्यानं प्रीस्ट घेतला, म्हणजे मंत्र म्हणून दुसऱ्यांच्या जखमा भरून काढणारा. मी घेतला योद्धा. हातात तलवार, अंगात चिलखत, समोर दिसेल त्याला झोडायचं. मला वाटलं, यात डोकं कशाला लागतंय!

खरंच लागलं नाही. मी पुढे घुसायचो, मार खायचो, आणि मागून भाचा मला बरं करत राहायचा. चार दिवसांत आम्ही बाराव्या लेव्हलला पोचलो. निघताना तो म्हणाला, "मामा, आता तू एकटा आहेस हं. सांभाळून."

मी हसलो. म्हटलं, "अरे, योद्धा आहे मी!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकटा खेळायला बसलो, आणि एका तासात सात वेळा मेलो.

हसा, हसा! वेस्टफॉल नावाचा एक शेतांचा मुलूख आहे. त्याच्या समुद्रकिनाऱ्यावर मर्लॉक राहतात. मर्लॉक म्हणजे दोन पायांवर चालणारा, विचित्र घसा खरवडत ओरडणारा बेडूकमासा. मी एकावर तलवार उगारली. तो मरायला टेकला आणि पळत सुटला. मी त्याच्यामागे! तो थेट आपल्या भाऊबंदांत शिरला आणि परत आला तो आणखी दोघांना घेऊन. झालं! या खेळात मेलं की आपलं भूत होतं. भुतानं स्मशानातून धावत आपल्या देहापर्यंत जायचं, की पुन्हा जिवंत. पण दर मरणामागे चिलखत आणि शस्त्रं झिजतात आणि त्यांच्या दुरुस्तीला पैसे पडतात. सात मरणांनी माझा खिसा रिकामा केला.

असं का झालं? थोडं नीट सांगतो, कारण खरी गंमत इथेच आहे.

जादूगाराकडे जादूची शक्ती असते. ती घागरीसारखी. विश्रांती घेतली की भरते, आणि भरलेली घागर घेऊनच तो लढाईला उतरतो. योद्ध्याची घागर मात्र सुरुवातीला रिकामी! त्याच्या शक्तीचं नावच 'राग'. शून्यापासून शंभरापर्यंत. तो शत्रूला मारतो तेव्हा राग वाढतो, शत्रूचा मार खातो तेव्हाही वाढतो. आणि लढाई संपली की हळूहळू ओसरून जातो. (आपलाही राग असाच आपोआप ओसरला असता तर किती बरं झालं असतं, नाही का?) म्हणजे बघा, योद्ध्याला दुरून फारसं मारता येत नाही, मार दिल्या-खाल्ल्याशिवाय जोर चढत नाही आणि स्वतःच्या जखमा भरायचा मंत्रही येत नाही.

असा अर्धवट गडी बनवला तरी कोणी? त्याचं उत्तर जुनं आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद-पेन्सिल-फाशांचा खेळ काढला. त्यात सुरुवातीला तीनच प्रकारचे गडी होते: लढवय्या, जादूगार आणि पुरोहित. लढवय्यानं पुढे उभं राहायचं, जादूगारानं मागून मारा करायचा, पुरोहितानं जखमा बघायच्या. तीच घडी पुढच्या बऱ्याच खेळांनी उचलली. म्हणजे योद्धा हा पहिल्यापासून टोळीतला गडी. एकट्यासाठी तो घडवलेलाच नाही!

आणि मी तर एकटा. मग मी एक शाळकरी युक्ती केली. एक वही घेतली. मेलो, की वहीत लिहायचं, का मेलो ते. पहिल्या पानावर सात ओळी आहेत. त्यातल्या चार ओळी एकच आहेत: 'दोघे आले. तरी पळालो नाही.'

त्या वहीतून मी हळूहळू एकट्यानं लढायला शिकलो.

शत्रू निवडायचा तो आपल्यापेक्षा दोन लेव्हल खालचा. आधी मला यात कमीपणा वाटायचा. पण वरच्या लेव्हलच्या शत्रूवर योद्ध्याचे वार चुकतात, आणि वार चुकला की राग वाढत नाही. राग नाही म्हणजे जोर नाही. खालच्या शत्रूचे गुण थोडे कमी मिळतात, पण तो लवकर पडतो. तासाभराचा हिशोब मांडला, तर फायदा आपलाच.

घोळक्यात घुसायचं नाही. लांबून एक बाण सोडायचा, आणि जो एकटा धावत येईल त्याच्याशी आपल्या जागेवर लढायचं. शत्रू मरायला टेकला, की 'हॅमस्ट्रिंग' नावाचा पायावरचा वार करायचा. मग तो लंगडतो आणि भाऊबंदांना बोलवायला जाऊ शकत नाही. मर्लॉकांनो, आता या!

दर लढाईनंतर थांबायचं. डाकूंच्या अंगावर तागाचं कापड सापडतं, त्याची बँडेजेस करायची. मी मासे धरायला शिकलो, रांधायला शिकलो. खरं सांगतो, माझा शूर योद्धा अर्धा वेळ झाडाखाली बसून जेवत असायचा! पण पोटभर जेवून उठलेला योद्धा पुढची लढाई जिंकायचा, आणि 'अजून एक मारतो, मग बसतो' म्हणणारा योद्धा स्मशानात जायचा.

आणि दोघे आले, तर पळायचं. जीव थोडाच उरल्यावर पळून उपयोग नाही, तोवर उशीर झालेला असतो. दुसरा दिसला त्याच क्षणी वळायचं. हे शिकायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

आणखी एक गोष्ट आई-बाबांना आवडेल. खेळ बंद करताना आपलं पात्र एखाद्या खाणावळीत ठेवलं, तर त्याला विश्रांती मिळते. दर आठ तासांमागे एका लेव्हलच्या वीसाव्या भागाइतकी विश्रांती साठते, आणि जास्तीत जास्त दीड लेव्हल साठते. तेवढी पुरेपर्यंत शत्रू मारल्याचे गुण दुप्पट! हा खेळ तयार होत होता, तेव्हा नियम उलटा होता. फार वेळ खेळलं की गुण अर्धे व्हायचे. खेळून बघणारे त्यावर चिडले. मग करणाऱ्यांनी नियम फिरवून मांडला: दमलात म्हणून शिक्षा नाही, विश्रांती घेतलीत म्हणून बक्षीस! मी ऑफिसातून आल्यावर रोज एकच तास खेळायचो. त्यामुळे माझा योद्धा नेहमी ताजातवाना.

असा करत करत २०२० च्या मार्चमध्ये मी तिसाव्या लेव्हलला पोचलो. एकट्यानं, बरं का! तिसाव्या लेव्हलला योद्ध्याच्या दोन परीक्षा असतात. पहिली फ्रे आयलंड नावाच्या बेटावर. तिथे प्रतिस्पर्धी एकेक करून येतात आणि शेवटी त्यांचा दांडगा म्होरक्या. माझी वही मला पाठ होती. मी पास झालो!

दुसरी परीक्षा सायक्लोनियनची. तो म्हणजे वावटळीचा राक्षस, चाळिसाव्या लेव्हलचा, आणि तोही साधा नाही, नेहमीच्या शत्रूपेक्षा कितीतरी दणकट. त्याला हरवलं की एक जबरदस्त हत्यार मिळतं, कुऱ्हाड, तलवार किंवा हातोडा, हवं ते. मी गेलो, हरलो. दुसऱ्या संध्याकाळी परत गेलो, परत हरलो.

तेव्हाचे दिवस तुमच्यातल्या मोठ्या मुलांना आठवत असतील. २५ मार्चपासून देशभर लॉकडाउन लागला होता. भाच्याचा दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता, तो पुढे ढकलला आणि मग रद्दच झाला. मी पुण्यातल्या माझ्या दोन खोल्यांत एकटा. ताई रोज फोन करून विचारायची, "बरा आहेस ना रे?" मी म्हणायचो, "मजेत!"

एप्रिलमध्ये एके दिवशी मला ताप आला. त्या दिवसांत साध्या तापानंही पोटात गोळा यायचा. पण मी कोणालाच सांगितलं नाही. ताई लांब, तिला उगाच घोर कशाला? शेजारच्या काकूंना सांगितलं तर त्या घाबरतील. दोन दिवस मी नुसता चहा-बिस्किटांवर काढले आणि वेळ जाईना म्हणून कॉम्प्युटर लावला.

इतक्या महिन्यांनी भाचाही त्या दिवशी खेळात आला होता. त्याचा बाराव्या लेव्हलचा प्रीस्ट जिथल्या तिथे उभा होता. त्यानं मला फोन लावला.

"मामा, तिसावी लेव्हल! भारीच की! कुऱ्हाड मिळाली?"

"नाही रे. सायक्लोनियन हरत नाही. उद्या परत बघतो."

"कोणाबरोबर?"

"कोणाबरोबर म्हणजे? एकट्यानं."

तो हसायला लागला. "अरे मामा, तो एकट्यासाठी ठेवलेलाच नाही! तू कितीही चांगला खेळलास तरी नाही मरायचा तो. यात तुझी चूक नाहीये. कोणालातरी विचार ना!"

मी गप्प बसलो. मला माझ्या वहीतली ओळ आठवली, 'दोघे आले. तरी पळालो नाही.' पाच महिने मी शिकत होतो, ते कोणती लढाई आपली आणि कोणती नाही हे ओळखायला. आणि अंगात ताप घेऊन मी 'मजेत' म्हणत होतो.

मी म्हटलं, "ऐक, आईला फोन दे. मला दोन दिवस ताप आहे."

ताई आधी रागावली, मग रडली, मग झपाट्यानं कामाला लागली. अर्ध्या तासात डॉक्टरांचा फोन आला. संध्याकाळी दारावर टकटक झाली. उघडलं, तर उंबऱ्याबाहेर स्टीलच्या डब्यात गरम पेज, आणि लांब जिन्यात तोंडाला रुमाल बांधलेल्या शेजारच्या काकू. मला दटावून म्हणाल्या, "भिंतीला भिंत लागून राहतो आपण. सांगायला काय झालं होतं?"

साधाच ताप निघाला. चार दिवसांत उतरला.

मग मी खेळात सर्वांना दिसेल असा निरोप लिहिला, 'सायक्लोनियनसाठी मदत हवी.' एक पॅलाडिन आणि एक जादूगार आले. कुठल्या देशातले, किती वर्षांचे, मला ठाऊक नाही. त्यांनीही मला विचारलं नाही. मी पुढे उभा राहिलो, पॅलाडिननं माझ्या जखमा भरल्या, जादूगारानं मागून मारा केला, आणि ती वावटळ बघता बघता विरली. मी कुऱ्हाड घेतली. आभार मानले, तर जादूगार एवढंच म्हणाला, की त्यालाही पूर्वी कोणीतरी अशीच मदत केली होती. आणि दोघं आपापल्या वाटेनं गेले.

हा खेळ तेरा वर्षांवरच्या मुलांसाठी आहे आणि त्याला दरमहा पैसे पडतात. म्हणून आधी घरी विचारायचं. तिथे अनोळखी माणसंही असतात. त्यांच्याशी खेळापुरतंच बोलायचं. आपलं खरं नाव, शाळा, पत्ता, फोटो, फोन नंबर यातलं काही सांगायचं नाही. आणि कोणी ते मागितलं तर लगेच मोठ्यांना सांगायचं. ही मदत मागणंसुद्धा शूरपणाचंच काम आहे, बरं का!

माझी वही अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. शेवटच्या पानावर मी कुऱ्हाड मिळाल्याची तारीख लिहिली आहे आणि खाली एक ओळ: 'आज तिघं होतो.'

तुमचीही एखादी अशी लढाई आहे का? गणिताची, शाळेतल्या एखाद्या दांडगोबाची, किंवा कोणालाच न सांगितलेली? मग वही काढा आणि लिहा पाहू, ती एकट्यानं लढायची आहे की कोणालातरी हाक मारायची आहे?

तुमचा,
मामा