काचेवरची चिठ्ठी

रविवार, 8 डिसेंबर 2024

सासूबाईंना आता रिक्षात चढता येत नाही. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी, शनिवारी भीडभंजन हनुमान, महिन्यातून एकदा दांडिया बाजारात थोरल्या दिरांकडे. एवढ्या फेऱ्यांसाठी नवी गाडी काय घ्यायची? ह्यांनी साडेतीन लाख बाजूला काढले आणि म्हणाले, "चालवणार तू, तेव्हा पसंतही तूच कर."

भाच्याला घेऊन गावात एका ठिकाणी गेले. पांढरी, पेट्रोलवरची, 2019 ची. कोरी सीट कव्हरं, आणि आत अत्तराचा असा घमघमाट की लग्नाच्या मांडवात शिरल्यासारखं वाटावं. भाव बाजारापेक्षा साठ हजारांनी कमी. "आत्ता दहा हजार टोकन ठेवा मॅडम, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय." टोकन परत मिळणार नाही, हे अगदी हळू आवाजात. ही दुसरी पार्टी मला साड्यांच्या दुकानांतून चांगली ओळखीची आहे. विचार करून सांगते म्हटलं. भाचा परतीच्या वाटेवर हळहळत होता.

मंगळवार, 10 डिसेंबर

आज हरणी रस्त्यावरचं, घराजवळचं यार्ड. मालक साठीचे, टेबलावर चहाची बशी. गाडी दाखवायच्या आधीच विचारलं, "बेन, पहेलां ए कहो, रोज केटलुं चालशे?" मी म्हटलं, पाच-सहा किलोमीटर. "तो डिझल भूली जाओ." एवढ्याशा फेऱ्यांत नव्या डिझेल गाड्यांचा धुराचा फिल्टर तुंबतो म्हणे. सीएनजीचंही तेच: किटचे पैसे वसूल व्हायलाच वर्षं लागतील, शिवाय बाटल्याची दर तीन वर्षांनी चाचणी. बोलता बोलता अर्धं यार्ड त्यांनी स्वतःच माझ्यापुरतं बाद केलं.

कोपऱ्यात एक छान निळी गाडी होती. पुढच्या काचेवर आतून चिठ्ठी चिकटवलेली: 'पाणीमां ऊभी रहेली छे.' ऑगस्टच्या पुरात तळघरात बुडाली होती. मी म्हटलं, असं लिहिल्यावर घेणार कोण? म्हणाले, जो घेईल तो मला शिव्या तरी देणार नाही.

मग बुडालेली गाडी कशी ओळखायची ते करूनच दाखवलं. डिकीतलं जादा चाक काढून खालच्या खळग्यात बोट फिरवायचं. सीटखालच्या रुळांचा गंज बघायचा. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का पाहायची. आणि सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढायचा. गाडी धुणारा सगळं धुतो, बेल्टचं आतलं टोक विसरतो.

शुक्रवार, 13 डिसेंबर

पुन्हा त्या पांढऱ्या गाडीकडे. एकटीच गेले. ड्रायव्हरच्या बाजूचा बेल्ट ओढला, ओढत राहिले. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ निघाली, चहात बुडवलेल्या खारीवर दिसते तशी. विक्रेता म्हणाला, "पावसात काच उघडी राहिली असेल."

ऑगस्टची ती रात्र आठवली. विश्वामित्री नदीने धोक्याची 26 फुटांची खूण मागे टाकली आणि पाणी 35 फुटांच्याही वर गेलं. रस्त्यांवर मगरी फिरत होत्या. त्या पाण्यात गाड्या किती गेल्या असतील! त्या सगळ्याच काही भंगारात गेल्या नसणार. काही धुऊन, अत्तर फवारून अशा उभ्या आहेत.

सोमवार, 16 डिसेंबर

कालपासून कमुरतां लागलं. उत्तरायणापर्यंत गुजराती घरांत गाडी येत नाही, त्यामुळे यार्डात शुकशुकाट. मालकांना वेळच वेळ.

एक राखाडी गाडी मनात भरलीय. 2018 ची, जीजे-06 पासिंग, पहिलाच मालक, 41,000 किलोमीटर. आकड्यावर विश्वास ठेवू नका म्हणाले, आणि सर्व्हिसच्या पावत्यांची पिशवी पुढे केली. तारीखवार किलोमीटर चढत गेलेले. पेडलांची झीजही तेवढीच. मग त्यांनीच दोष सांगायला सुरुवात केली. डावा मागचा दरवाजा नव्याने रंगवलेला. टायरवर 3519 असा आकडा, म्हणजे 2019 च्या पस्तिसाव्या आठवड्यातले. रबर कडक झालंय, सहा महिन्यांत चारही बदला, सोळा हजार धरून चाला. वर म्हणाले, "तमारो मिस्त्री लाओ, मारो नहीं."

आमचा मिस्त्री आला, तासभर खाली लोळला, क्लचबद्दल एक शंका काढून गेला. मालकांनी ती वहीत लिहून घेतली आणि तीन हजार उतरवले.

रविवार, 22 डिसेंबर

काल जैसलमेरला जीएसटी परिषद झाली. सकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर एकच गिल्ला: जुन्या गाडीवर 18 टक्के! भाच्याने साडेतीन लाखांवर हिशोब करून त्रेसष्ट हजार काढलेसुद्धा. यार्डात फोन केला. मालक हसले. कर नोंदणीकृत विक्रेत्याने भरायचा, तोही त्याच्या नफ्यावर. ठरलेला भाव ठरलेलाच राहील. भाव वाढवायला इतकं आयतं निमित्त चालून आलं होतं.

मंगळवार, 24 डिसेंबर

आज राष्ट्रीय ग्राहक दिन. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याला याच तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. माहेरी पुण्यात, बिंदुमाधव जोशींनी 1974 साली ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हापासूनची मामांची सवय: वाण्याकडचं वजन घरच्या काट्यावर पुन्हा करायचं. आम्ही मुलं लाजायचो. वाणी मात्र कधी रागावला नाही. आता वाटतं, ज्याचं माप खरं, त्याला दुसऱ्या काट्याची भीती कशाला?

संध्याकाळी कागदपत्रं. भिंतीवर आरटीओचं अधिकृत विक्रेत्याचं प्रमाणपत्र आहे; एप्रिल 2023 पासून तसा नियम आहे. आधीच्या मालकाने गाडी यांच्याकडे सोपवल्याची नोंदही आरटीओत झालेली. बँकेचं कर्ज फिटलंय, पण आरसी बुकावर बोजा तसाच. तो आधी उतरणार, मग टीटीओ, म्हणजे गाडी माझ्या नावावर. आधीच्या मालकाचे वाहतुकीचे दोन मेमो बाकी होते, ते भरल्याची पावती दाखवली. विम्याचं मला माहीतच नव्हतं. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या नुकसानीचा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, म्हणून फरक भरावा लागेल. तो आकडा त्यांनी आजच सांगून ठेवला.

गुरुवार, 16 जानेवारी 2025

उत्तरायण झालं, कमुरतां सुटलं. झाडांवर पतंग अजून लटकताहेत, घरात उरलेलं उंधियुं. गाडी आणली. भीडभंजनला नारळ फोडला, चाकाखाली लिंबं. सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या, बेल्ट लावताना विचारलं, "हा शेवटपर्यंत ओढून बघितलास ना?"

सोमवार, 27 जानेवारी

सकाळी गाडी सुरूच होईना. फिजिओथेरपीची वेळ. भाचा फोनवर: "बघ, सांगितलं होतं, पैसे दिले की कोण विचारतंय!" मीही मनातून खट्टू. यार्डात फोन केला. वीस मिनिटांत स्कूटरवरून एक मुलगा बॅटरी घेऊन आला. दुपारी मालकांचा फोन. टायरचं साल बघितलं, बॅटरीचं बघायचं राहिलं, चूक माझी. नवीचे पैसे घेतले नाहीत. अर्धे तरी घ्या म्हटलं, तर म्हणाले, उन्हाळ्यात एसी कुरकुरला तर तेव्हा पूर्ण घेईन.

रविवार, 23 फेब्रुवारी

आरसी आलं. वाहनाच्या कागदावर माझं नाव, आयुष्यात पहिल्यांदा. पेढे घेऊन यार्डात गेले.

निळी गाडी अजून कोपऱ्यातच. दोनदा भाव उतरवूनही गेलेली नाही. काचेवरची चिठ्ठी उन्हाने पिवळी पडलीय. अक्षरं मात्र ठळक होती. जवळ जाऊन पाहिलं, कोणीतरी पेनाने पुन्हा गिरवली होती.