आरशाविना मापजोख

बर्लिन शहरांत झालांडो नांवाची कपड्यांची एक मोठी पेढी आहे. २००८ सालीं स्थापन झालेली ही पेढी आंतरजालावरून माल विकते आणि युरोपांतील पुष्कळ देशांत तो घरपोंच धाडते. तिच्याविषयींची एक गोष्ट आमच्या वाचकांस नवलाची वाटेल. धाडलेल्या मालापैकीं सुमारें निम्मा माल परत येतो, असें ती स्वतःच सांगते! आमच्याकडील एखाद्या कापडवाल्यावर असा प्रसंग येता, तर त्यानें वर्षाच्या आंत दुकानास टाळें ठोकलें असतें.

यांत गिऱ्हाइकास दोष द्यावा, असें आम्हांस वाटत नाहीं. युरोपीय संघाच्या कायद्यानें अशी खरेदी १४ दिवसांच्या आंत, कारण न सांगतां, रद्द करतां येते. म्हणून एखादी बाई एकच झगा तीन मापांचा मागविते, घरच्या आरशापुढें तिन्ही घालून पाहते आणि दोन परत करते. पण ते दोन झगे तपासणें, घडी घालणें, बांधणें, वाहून नेणें हा सगळा भुर्दंड शेवटीं मालाच्या किंमतींत चढतो. आणि जिनें कधीं कांहीं परत केलें नाहीं, त्या गृहिणीसही तो भरावा लागतो.

यावर यंत्रज्ञांनीं जो उपाय काढला आहे, त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला चित्राचा. आपलें छायाचित्र दिलें कीं यंत्र त्यावर हवा तो कपडा चढवून दाखवितें. वॉलमार्टनें २०२१ सालीं असें काम करणारी झीकिट ही इस्राएली कंपनी विकत घेतली. रंग खुलतो कीं नाहीं, हें यावरून कळेल. परंतु कांखेंत कोठें आवळतें, हें कळावयाचें नाहीं. चित्रांतील सदऱ्याची शिवण कधींच उसवत नाहीं!

दुसरा प्रकार मापाचा, आणि तो आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो. झालांडोनें २०२३ सालीं अशी सोय केली कीं, अंगाबरोबरचे कपडे घालून मोबाइलवर काढलेल्या दोन छायाचित्रांवरून यंत्रानें शरीराचीं मापें काढावीं. तिच्या दुसऱ्या एका प्रयोगांत उंची व वजन सांगितलें कीं तशी एक आकृति उभी राहते, आणि विजार कोठें तंग व कोठें सैल, हें तिच्यावर रंगांनीं दिसतें. (अशीं छायाचित्रें देण्यापूर्वीं तीं कोठें राहतात व केव्हां पुसलीं जातात, हें आमच्या लेकीसुनांनीं अवश्य विचारावें.)

आतां थोडें त्रैराशिक करूं. परत येणाऱ्या मालापैकीं सुमारें एक तृतीयांश मापापायीं येतो, आणि मापाविषयींच्या आपल्या सल्ल्यानें तो १० टक्क्यांनीं घटतो, असें ही पेढी सांगते. म्हणजे १०० झग्यांमागें ५० परत, त्यांत सुमारें १७ मापापायीं, आणि वांचले ते दोनही नव्हेत! एवढें यंत्र राबवून फळ इतकेंच कां?

कारण यंत्र अंग मोजतें, परंतु कपड्यावरील आंकडाच खरा नसतो. अमेरिकेंत १९३९-४० सालीं सुमारें १५,००० स्त्रियांचीं प्रत्येकी ५९ मापें घेतलीं गेलीं. त्यांच्या आधारें १९५८ सालीं सरकारी प्रमाण ठरलें आणि १९८३ सालीं तें रद्दही झालें. पुढें ज्यानें त्यानें आपलाच आंकडा चालविला, आणि गिऱ्हाईक खूष व्हावें म्हणून रुंद कपड्यास लहान आंकडा लावण्याची चालही पडली. आपल्याकडे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनें १५ ते ६५ वर्षें वयाच्या सुमारें २५,००० स्त्रीपुरुषांचीं मापें मुंबईसह सहा शहरांत यंत्रानें घेण्याचें काम हातीं घेतलें, तें याचसाठीं.

लुगड्याधोतरास हा प्रश्न कधीं पडला नाहीं. शिवलेल्या कपड्यास पडे. पण शिंपी शिवणींत दोन बोटें माया ठेवीत असे. मुलगी वाढली कीं तेवढी उसवून तोच परकर-पोलका आणखी वर्षभर चाले. कारखान्यांतील तयार झग्यांत ती माया बहुधा नसते. तो अर्ध्या इंचानें चुकला, तरी पेटींत घालून परत धाडावा लागतो.